घायपाताचा बेडूक

पाण्याच्या पिंपात तांब्या तिरका पडून ‘डुबुक’ असा आवाज झाला, की अजूनही माझा हात आपोआप पोटाशी जातो. हाताची ही सवय एका आषाढातली आहे. तो आवाज त्या आषाढात मी स्वतः घडवला होता, घायपाताच्या वाळल्या दांड्यातून, एका जुन्या करंड्यातल्या मेणातून आणि पुष्कळशा भीतीतून.

दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. तिसगावच्या अलीकडे, माळाच्या उतरणीवर आमचं घर होतं. आदल्या उन्हाळ्यात ज्या खोलगट जागी सारं गाव पाट्यांनी माती वाहत होतं, तिथे मृगाच्या सरींनी पाझर तलाव भरू लागला होता. नव्या बांधाच्या मातीला अजून गवत फुटलं नव्हतं. वारा तिकडून आला की ओल्या मुरमाचा आणि पाण्याखाली बुडालेल्या तरवडाचा वास घरात येई. इतकं पाणी इतक्या जवळ असण्याची कुणालाच सवय नव्हती, आणि मला तर त्या पाण्याकडे पाहण्याचं धैर्यच होत नसे. ते भरत असताना मीही भरत होते. मला सातवा महिना लागला होता.

दुष्काळात माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण मी माठ उचलायला वाकले, की माजघरातून सासूबाईंचा श्वास थांबलेला मला ऐकू येई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. या खेपेला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि ती सोडताना नजर चुकवली. रक्त फार कमी आहे, म्हणाल्या; असंच राहिलं तर बाळंतपण जड जाईल, दोघांनाही. त्यांनी दिलेल्या गोळ्यांना गंजक्या विळ्याची चव होती. सकाळी घेतलेली गोळी दुपारपर्यंत पोटात राहत नसे. मी उन्हात हात धरून नखं पाही. ती सोललेल्या शेंगदाण्यासारखी पांढुरकी दिसत.

“मरळ खायला घातली पायजे हिला,” आत्याबाई म्हणाल्या. “रगत भरतं. दुस्काळात सुदिक मेली न्हाई ती. चिखलात तोंड खुपसून बसली, पन जीव सोडला न्हाई.”

ते खरं होतं. तलावाची माती खणताना जुन्या ओढ्याच्या डोहात, वरून भेगाळलेल्या गाळाखाली, हातभर लांबीच्या जिवंत मरळी सापडल्या होत्या. उरलेल्या आता नव्या पाण्यात पसरल्या होत्या. मी माहेरी मासळीच्या वासालाही न सरावलेली. पण ज्या कोरड्या काळात माझ्या शरीराने जीव धरून ठेवला नाही, त्याच काळात त्या माशाने तो धरला, ही गोष्ट मनातून जाईना. मी हो म्हटलं. प्रश्न दिवसांचा होता. आषाढ उताराला लागला होता, आणि श्रावण बसला की आमच्या घरात मासळीचं भांडं पालथं पडत असे ते पार सणवार आटोपेपर्यंत. तोवर माझे दिवस भरत आले असते.

दुसऱ्याच सकाळी माझे यजमान ओलं फडकं मुठीत धरून निघाले. आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या.

“फडक्यात काय हाय?”

“काय न्हाई. बेडूक.”

“कशाला?”

“गळाला लावायला. मरळीला जिता बेडूक लागतो.”

“आन् टोचनार कोन?”

“कोन म्हंजे? मीच की.”

“सोड त्याला. बायकू पोटुशी आसली की नवऱ्यानं जित्या जिवाला टोचू न्हाई.”

“मग मरळीला काय हळदीकुंकू लावून बोलवू?”

“मरळ आपल्या तोंडानं गळ गिळती. तिची हाव, तिचं मरान. बेडकानं कसली हाव केलीया?”

ओट्यावर माझे चुलतसासरे तंबाखू मळत बसले होते. दात सगळे पडलेले, पण जीभ तेवढीच धारदार. ते म्हणाले, “बरुबर हाय वैनीचं. तू आसं कर, मरळीला पत्रिकाच धाड. सातव्या म्हयन्याचं जेवान हाय, लेकराबाळांसकट यावं म्हनावं.”

यजमान हसले नाहीत. त्यांनी फडकं सोडलं. बेडूक क्षणभर पायरीवर बसून राहिला, गळ्याची कातडी थरथरत, आणि मग वाफ्यातल्या मेथीत दिसेनासा झाला. मी चौकटीला टेकून उभी होते. त्याच्या गळ्याची ती थरथर माझ्या मनगटातल्या नाडीसारखीच होती, भराभर आणि हलकी.

“लाकडाचा केला तर?” मी म्हटलं.

“लाकडाच्या बेडकाला लाकडाचीच मरळ लागंल, सूनबाई,” चुलत मामंजी म्हणाले. पण यजमान माझ्याकडे पाहत राहिले. मग विळा घेऊन बांधाकडे गेले.

आमच्या शेताच्या कडेला घायपाताचं कुंपण होतं. घायपाताच्या मधोमध कधीतरी एक दांडा निघतो, माणसाच्या दुप्पट उंच वाढतो आणि वर फुलतो. वाळला की आतला गाभा इतका हलका होतो, की हातात घेतला तरी काही घेतल्यासारखं वाटत नाही. मुलं त्याच्या होड्या करत. यजमानांनी वीतभर तुकडा आणून माझ्या मांडीवर ठेवला. आत्याबाईंनी तो नखाने खरवडून पाहिला, पूर्ण वाळलेला आहे ना, जिवंत रस नाही ना, आणि मगच होकार दिला. मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. घायपात जन्मात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो. मी हातात घेतलेलं लाकूड हे अशा एका झाडाचं शेवटचं काम होतं.

तोडणं त्यांनी केलं, घडवणं माझ्याकडे आलं. दुपारी कामं उरकली की मी मागच्या पडवीत बसे. फुटक्या आरशाच्या काचेने गाभा खरवडला की पिवळसर भुगा पडे आणि जुन्या कडब्याचा वास येई. पाठीला उतार दिला, पोट गोल ठेवलं, मागच्या बाजूला निमुळतं केलं. पारिजातकाची पानं खरखरीत असतात. ती घासून घासून अंग गुळगुळीत केलं. त्या घासण्यात एक लय होती, आणि लय लागली की भीती थोडा वेळ दूर बसे. बाळ हललं की मी थांबत असे. हललं नाही की जास्तच थांबत असे.

गोठ्याजवळच्या दगडी डोणीत, बैलांच्या पिण्याच्या पाण्यात, मी तो पहिल्यांदा सोडला. तो पालथा झाला. पोट वर, पाठ खाली. मी सरळ केला, तो पुन्हा उलटला. आदल्या आठवड्यात सुईणीने तेलाचा हात पोटावरून फिरवून सांगितलं होतं, “डोकं आजून वर हाय बाळाचं. फिरंल. फिरायला पायजे.” आता प्रत्येक गोष्टीला माझ्या मनाने अर्थ चिकटवायला सुरुवात केली होती. बेडूक सुलटा तरंगला तर बाळ फिरेल. तरंगला नाही तर... मी वाक्य पुरं करत नसे.

यजमानांनी बैलाच्या खुराला मारतात त्या पत्रीचा एक खिळा आणला आणि बेडकाच्या मागच्या टोकाला, पोटाच्या बाजूने, हळूहळू दाबून बसवला. आता बेडूक उलटेना. मागचा भाग पाण्याखाली, तोंड वर काढून तो अगदी खऱ्यासारखा बसला.

“झालं की,” ते म्हणाले. “बघ, डोकं कसं वर काढलंय.”

मी मान हलवली. पण मनातला सगळा हिशेब विस्कटला. बेडकाला जे हवं होतं तेच माझ्या बाळाला नको होतं. मी डोकं वर राहावं म्हणून धडपडत होते आणि डोकं खाली जावं म्हणून नवस बोलत होते. देवाने यातलं नेमकं कुठलं ऐकलं असेल, या शंकेने मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. दुपारभर डोणीत राहिला की गाभा पाणी पिई आणि संध्याकाळपर्यंत बेडूक निम्मा बुडालेला असे. त्याला काहीतरी लेप हवा होता. वंगणाचा वास माशाला कळेल, यजमान म्हणाले. तेल टिकणार नाही. आत्याबाई उठून माजघरात गेल्या आणि उतरंडीच्या मागून त्यांनी आपला पितळी करंडा काढून आणला.

पूर्वीच्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट लावत आणि त्यावर कोरडं कुंकू बसवत. मी बाटलीतलं गंध लावणारी. माझ्याकडे मेण नव्हतं. आत्याबाईंचं कपाळ माझ्या लग्नाच्या आधीपासून मोकळं होतं. करंडा उघडला तेव्हा त्यातलं मेण कडेने सुटलं होतं आणि त्यावर एका बोटाचा खळगा होता, कुंकवाच्या कणांनी लाल झालेला.

“आत्याबाई, हे नको,” मी म्हटलं.

“का नको? माझं कपाळ आता मोकळंच हाय. मेन कशाला जपायचं, मुंग्यांना?”

त्यांनी ते निखाऱ्यावरच्या पळीत टाकलं. मी त्या खळग्याकडे पाहत होते. वितळताना तो एकदम नाहीसा झाला आणि मधाचा, धुराचा, जुन्या पेटीतल्या लुगड्यांचा वास पडवीभर झाला. मला तो वास आवडला आणि त्या आवडण्याचीही भीती वाटली. पुसलेल्या कुंकवाचं मेण, फुलून मेलेल्या झाडाचं लाकूड. त्यातून माझ्या बाळासाठी काय येणार होतं? आत्याबाईंना हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या चिंधीने मेण चोळत होत्या आणि चोळताना, माझं लक्ष नाही असं समजून, अगदी हलक्या आवाजात अंगाईसारखं काही गुणगुणत होत्या.

बेडूक तांबूस झाला. त्याला हिरवा करावा म्हणून मी मेथीचा पाला वाटायला घेतला होता. मग माहेरची विहीर आठवली. लहानपणी पोहायला शिकताना मी तळाशी जाऊन वर पाहत असे. वर तरंगणारं पिंपळाचं पान, काटकी, मेलेला भुंगा, सगळं काळंच दिसे, मागे आभाळ लखलखीत असल्यामुळे. मासा खालूनच पाहणार. त्याला रंग दिसायचा नाही, आकार दिसेल. मी पाला ठेवून दिला. तरी काजळाचे दोन डोळे काढले. डोळे नसलेलं काही हातात धरणं मला त्या दिवसांत सहन होत नव्हतं.

राहिला आवाज. तुकडा नुसता ओढला तर पाणी कापत गुपचूप येई. यजमानांनी सळई लाल करून तोंडाच्या जागी टेकवली, आणि मी खोलगट भाग कोरत गेले, वाटीसारखा. दोरी बांधून डोणीत झटका दिला. त्या वाटीत पाणी अडलं, हवा आत कोंडली, आणि आवाज आला:

डुबुक.

वैरण खाणाऱ्या बैलाने कान टवकारले. आत्याबाई मेथीच्या वाफ्याकडे बघायला लागल्या. त्याच क्षणी पोटात बाळाने लाथ मारली, इतकी ठळक, की माझ्या लुगड्याची निरी हलली.

मग मी तो आवाज शिकले. सतत ओढत राहिलं तर ती नुसती खळबळ होते. एक झटका, मग थांबणं, वर्तुळं विरेपर्यंत थांबणं, मग पुन्हा. कवितेच्या ओळीत यती, म्हणजे विराम, जिथे पडते तिथेच अर्थ श्वास घेतो, असं कधी काळी वर्गात ऐकलं होतं. डोणीच्या काठावर ते मला बोटांनी कळलं. त्या थांबण्यात माझा जीव वरखाली होई.

यजमानांनी तिसगावच्या बाजारातून आणलेले दोन गळ बेडकाच्या पोटाखाली तारेने बांधले आणि तोंडाशी तंगूस अडकवला. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक, पारदर्शक दोरा. उन्हात धरला तर आहे की नाही कळू नये असा. पोटुशीने तिन्हीसांजेला पाण्याकाठी जायचं नाही म्हणून सकाळची वेळ ठरली, आणि गोधड्या धुण्याचं निमित्त काढून आत्याबाईंनी मला बरोबर घेतलं. चुलत मामंजी आधीच बांधावर येऊन बसले होते.

“आली का वरात? नवरदेव कुठाय, लाकडाचा?”

“भावजी, मरळ बुजंल. तोंड मिटा,” आत्याबाई म्हणाल्या.

यजमानांनी बांबूची काठी फिरवून बेडूक जुन्या ओढ्याच्या तोंडाशी उगवलेल्या पाणकणसांच्या कडेला टाकला आणि ओढायला लागले.

“बादली शेंदताय का?” मी न राहवून म्हटलं. “थांबा ना मध्ये. त्याला बसू द्या.”

“मग तूच घे.”

“घे की,” चुलत मामंजी म्हणाले. “पोटुशीनं बेडूक टोचायचा न्हाई आसं कुनी म्हनलं न्हाई. आन् ह्यो तर टोचल्यालाच हाय.”

मी काठी घेतली. सकाळ ढगाळ होती. पाणी राखाडी, जड, आणि त्याला नव्या भांड्यासारखा मातीचा वास. एक झटका. डुबुक. वर्तुळं पसरली, विरली. पुन्हा. माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं, जे कमी आहे असं सगळे म्हणत होते. कितीतरी वेळा मी तो बेडूक टाकला आणि आणला.

मग पाणकणसांमधल्या मोकळ्या जागेत मला पाण्यावर लाल डाग दिसला. सुपाएवढा. पहिल्यांदा वाटलं, मेणातलं कुंकू सुटलं. मग तो डाग सरकला. आत बारीक बारीक काही खदखदत होतं, जणू कुणी पाण्यात कुंकवाची मूठ सोडली आहे आणि ते विरघळायला तयार नाही. मी काही विचार न करता बेडूक त्याच्या पलीकडे टाकला आणि त्याच्यावरून ओढला. डुबुक. थांबले.

पाणी फुटलं. एक काळं, रुंद डोकं वर आलं, बेडकावर आदळलं आणि तो हवेत उडाला. मी किंचाळले असावे. बेडूक परत पडला, त्याच लाल डागाच्या कडेला, आणि तो पुरता स्थिर व्हायच्या आत मासा पुन्हा त्याच्यावर तुटून पडला. या वेळी काठी वाकली. यजमानांनी माझ्या हातांवर हात ठेवले, आणि आम्ही दोघांनी मिळून ती ओढ अंगावर घेतली. ती ओढ मी अजून विसरलेले नाही. पळून जाण्यासाठी मासा जसा दूर ओढतो तशी ती नव्हती. तो सारखा त्या डागाकडेच परत जाऊ पाहत होता.

चिखलात आणून टाकला तेव्हा तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता, काळपट हिरवा, पोटाकडे ताकासारखा पांढरा. यजमान हसत होते. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं.

आत्याबाई पाण्याकडे बघत होत्या. लाल डाग काठाजवळ आला होता. आता जवळून दिसत होतं: बोटाच्या पेरापेक्षाही लहान, कुंकवाच्या रंगाची पिल्लं, शेकडो, एकमेकांना चिकटून, गोल गोल फिरत, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेत आणि पुन्हा खाली जात. त्यांना कुणीतरी सापडत नव्हतं.

“आगं बया,” आत्याबाई म्हणाल्या. “लेकुरवाळी हाय की ही.”

त्या यजमानांकडे वळल्या.

“सोड तिला.”

“आई, आता कुठं सोडायची? श्रावन तोंडावर आला,” यजमान म्हणाले. “आन् ही मादीच कशावरनं? पिल्लं राखायला नर बी ऱ्हातो.”

“मरळ कदी नर आसती व्हय?” चुलत मामंजी म्हणाले; पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

“नर आसंल तर मग सोडच,” आत्याबाई म्हणाल्या. “तुला बेडूक टोचू दिला न्हाई, का? तू बाप व्हनार म्हनून. मग ह्यो कोन हाय?”

“तूच म्हनलीस ना, मरळ आपल्या तोंडानं गिळती, तिची हाव?”

“हिनं कुठं गिळलं? हावेनं तोंड घातलंच न्हाई हिनं. लेकरांच्या अंगावर कोन आलं म्हनून धावली.”

मग तिघेही माझ्याकडे पाहू लागले. रक्त मला हवं होतं. मासा माझ्यासाठी होता. चिखलात पडल्या पडल्या तो मरत नव्हता. कल्ले मिटत होता, उघडत होता, वाट पाहायची सवय असल्यासारखा. बेडूक त्याच्या जबड्यात अडकला होता आणि काजळाचा एक डोळा माझ्याकडे होता. मला तो मासा हवा होता. हे मी लपवत नाही. माझ्या नखांना, पापण्यांना, पोटातल्या त्या उलट्या बसलेल्या जिवाला तो हवा होता. आणि काठाशी ती पिल्लं हवेचे घोट घेत होती.

मी गुडघ्यांवर बसले. त्या अवस्थेत बसणं सोपं नव्हतं. आत्याबाईंनी मागून खांदे धरले. माशाच्या अंगावरचा चिकट थर बोटांना लागला, थंड, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. गळ ओठाच्या कडेला रुतला होता. उलट फिरवून काढताना त्याचे बारीक दात माझ्या अंगठ्याला लागले. मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं आणि हात उघडले.

तो लगेच गेला नाही. थोडा वेळ माझ्या तळव्यांच्या वरच थांबला. मग खाली सरकला, आणि लाल डाग विस्कटून, पुन्हा गोळा होऊन, त्याच्या वर जाऊन थांबला.

“जेवान रद्द म्हनायचं मग,” चुलत मामंजी म्हणाले आणि उठून चालू लागले.

त्या दुपारी बाळ हललं नाही. मी डाव्या कुशीवर झोपले, उजव्या कुशीवर झोपले, गूळ खाल्ला, थंड पाणी प्यायले. माझ्या डोळ्यांसमोर सिस्टरची चुकवलेली नजर येत राहिली. दुसऱ्याच्या पिल्लांसाठी मी माझ्या बाळाच्या तोंडचं काढून घेतलं, हा विचार एकदा आला आणि मग जाईना. आत्याबाई पायाशी बसून होत्या, जणू त्यांच्याही मनात तेच. संध्याकाळी दिवा लागताना पोटात कुठेतरी खोल एक बुडबुडा फुटल्यासारखं झालं, आणि आम्ही दोघी एकदमच रडलो. मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

त्यानंतर यजमान एकटेच जाऊ लागले. जाताना कोनाड्यातला बेडूक उचलून खिशात टाकत. रिकाम्या हाताने परत येत आणि ओला बेडूक पुन्हा कोनाड्यात ठेवत. आषाढ संपत आला. चुलत मामंजींनीसुद्धा थट्टा थांबवली होती, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटे.

आषाढाच्या अगदी शेवटच्या सकाळी ते ओलं गोणपाट घेऊन आले. आत मरळ होती. पहिल्याहून लहान. त्यांनी ती परसात ठेवली आणि तीन दगडांची चूल मांडायला घेतली.

“एकलीच हुती ना?” आत्याबाईंनी विचारलं.

“व्हय.”

ते चुलीत काटक्या सारत होते. पाठ आमच्याकडे होती. ‘व्हय’ थोडं लवकर आलं का? प्रश्न पुरता व्हायच्या आधी आलं का? मी कानांनी तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. कवितेत एका मात्रेने अर्थ बदलतो. पण त्या शब्दात मात्रा मोजायला मी धजले नाही. आत्याबाईंनी कांदा भाजायला घेतला.

मी खाल्ली. काळ्या मसाल्याखाली चिखलाची चव होती. तलाव भरताना वाऱ्यावर येई तीच. दोन घास गेले. मी डोळे मिटले, चौकट घट्ट धरली, आणि ती आत राहिली. रस्सा भाकरीत कुस्करून आत्याबाई एकेक घास हातावर देत होत्या, मी लहान असल्यासारखी. यजमान बाहेर चुलीपाशीच बसून राहिले. त्यांनी ती चाखली नाही.

दुसऱ्या दिवशी भांडं पालथं पडलं. एका माशाने काय रक्त भरणार, असं आज कुणी म्हणेल, आणि खरंच असेल. शेवग्याचा पाला होता, गूळ-शेंगदाणे होते, आणि कशी कोण जाणे, त्या गोळ्याही मग पोटात राहू लागल्या. भाद्रपदात सुईणीने हात फिरवला आणि म्हणाली, “फिरलं.” तरी माझी झोप परतली नाही. दिवस भरेपर्यंत मी नखं पाहत राहिले.

नवरात्राच्या आधी कळा आल्या. बाळ बाहेर आलं तेव्हा खोलीत काहीच आवाज झाला नाही. सुईणीने त्याला पायांनी धरून उलटं केलं. डोकं खाली. मी छताकडे पाहत होते आणि तळहातात चादर नव्हती, बांबूची काठी होती, आणि मी वर्तुळं विरण्याची वाट पाहत होते. मग घशातलं पाणी सुटल्याचा एक छोटा, ओला आवाज आला, आणि त्यामागून रडणं.

मुलगी. आत्याबाईंनी आधी तिची नखं पाहिली. गुलाबी होती.

तिला दात येऊ लागले तेव्हा घरातला खुळखुळा सोडून ती कोनाड्याकडे हात करी. यजमानांनी बेडकाचे गळ आणि तार काढली, खिळा उपसला, उरलंसुरलं मेण गरम पाण्याने धुऊन काढलं आणि तो तिच्या हातात दिला. ती त्याचं डोकं तोंडात धरून चावत बसे, गंभीर चेहऱ्याने, लाळ गाळत. आत्याबाई हसून म्हणत, “चाव. तुझाच हाय त्यो.”

तो बेडूक अजून माझ्याकडे आहे. वजन कधी नव्हतंच. काजळाचे डोळे पुसून गेले आहेत. डोक्याकडे दोन दातांचे उथळ ठसे आहेत, ते कुणाचे ते मला माहीत आहे. पोटाकडे आणि पाठीवर टोचल्यासारख्या बारीक खुणांच्या ओळी आहेत. कधी कधी मी त्यांच्यावरून बोट फिरवते. त्यातल्या कुठल्या सोडलेल्या मरळीच्या आणि कुठल्या खाल्लेल्या मरळीच्या, हे बोटाला कळत नाही.